किल्ल्यांच्या जुडग्यासाठी क्रोशाचा हत्ती: प्रकल्प नोंदी

३ मे

काय करायचं ते ठरलं. बसलेला हत्ती, सोंड खाली वळलेली, उंची साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, किल्ल्यांच्या कडीला अडकवायचा. सहाच्या पुढे गेला की खिशात बोजा होतो. चारच्या खाली आणायचा तर सोंड सहा टाक्यांपेक्षा बारीक करावी लागते आणि तेवढ्या नळीत हुक फिरत नाही.

सगळ्यांत जास्त विचार ताणाचा करायचा आहे. कपाटात ठेवलेल्या अमिगुरुमीला, म्हणजे क्रोशाने विणून भरलेल्या छोट्या खेळण्याला, कोणी ओढत नाही. किल्ल्यांचा हत्ती मात्र रोज ओढला जातो आणि तोही धडाला धरून, कारण पिशवीत हात घातला की आधी मऊ वस्तूच हाताला लागते आणि तिला धरून अख्खा जुडगा बाहेर खेचला जातो. तो ताण कडीतून डोक्यात, डोक्यातून मानेच्या शिवणीत आणि तिथून धडात उतरतो. या वाटेवरची सगळ्यांत कच्ची जागा कधीतरी उसवणारच. म्हणून आधी नेहमीच्या पद्धतीने एक नमुना करायचा, तो मुद्दाम ओढून तोडायचा आणि मग रचना बदलायची.

या नोंदींतले शब्द: मुका म्हणजे मुका खांब, क्रोशाचा साधा आखूड टाका. अर्धा खांब त्याहून उंच, खांब आणखी उंच. पुढचा आणि मागचा फास म्हणजे टाक्याच्या माथ्यावरच्या दोन धाग्यांपैकी विणणाऱ्याकडचा आणि पलीकडचा. वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके. घट म्हणजे दोन टाक्यांचा एक. कंसातला आकडा फेरीअखेरचे टाके.

५ मे

धागा आणि हुक ठरवण्याचा दिवस. ॲक्रिलिक, साधं कॉटन आणि मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चकचकीत केलेलं) कॉटन अशा तिन्हींचे १८ टाके घेराचे छोटे गोळे करून भरले आणि जाड जीन्सच्या कापडावर प्रत्येकी २०० वेळा घासले. ॲक्रिलिकवर लगेच लव उठली आणि तिच्या बारीक गुठळ्या झाल्या. साध्या कॉटनवर थोडीशी लव आली, गुठळ्या नाहीत. मर्सराइज्ड जवळपास होतं तसंच राहिलं. त्याचा त्रास एवढाच की पेड सुटे होतात, आणि हुक दोन पेडांमधून गेला तर अर्धा धागा मागे राहतो आणि तो टाका विरळ पडतो. हळू विणलं की निभावतं. मखमली धाग्याचा विचारच केला नाही. इतक्या छोट्या कामात टाके दिसले पाहिजेत, मोजता आले पाहिजेत, आणि मखमलीत ते बोटांनी चाचपून शोधावे लागतात.

ठरलं ते: मर्सराइज्ड कॉटन, ५० ग्रॅमला साधारण १२५ मीटर येणारं, राखाडी.

हुकाचं माप गुंडीच्या कागदावर लिहिलेलं असतं त्याहून लहान घ्यायचं, कारण ते माप कपड्यांसाठी असतं. कपडा सैल पडायला हवा आणि खेळण्यातून भराव दिसता कामा नये. ३ मिमीने केलेल्या गोळ्यातून पांढरं फायबर स्पष्ट दिसलं. २ मिमीने कापड पुठ्ठ्यासारखं झालं आणि दर चार-पाच टाक्यांनी पेड फाटले. २.५ मिमी बरोबर बसला. या मापाला १० सेमीत २४ टाके आले, म्हणजे एक टाका साधारण ४.२ मिमी. २४ टाक्यांच्या घेराचा गोळा १० सेमी परिघाचा, म्हणजे ३.२ सेमी व्यासाचा होतो. डोक्याला तेवढं पुरे.

टाक्याच्या घडणीबद्दल एक गोष्ट इथेच ठरवून टाकली. मुका घालताना टाक्यातून धागा ओढून घ्यायच्या वेळी धागा हुकावरून न घेता हुक धाग्यावर टेकवून खालून पकडायचा. मग टाका व्ही ऐवजी इंग्रजी एक्ससारखा दिसतो, जास्त आवळ येतो आणि कमी तिरपा होतो. हीच पद्धत शेवटपर्यंत ठेवायला हवी. डोकं एका पद्धतीने आणि धड दुसऱ्या पद्धतीने झालं तर टाके सारखे मोजूनही मापं जुळत नाहीत.

८ मे

नमुना १, डोकं. सोंड वेगळी करून शिवायची नाही, सोंडेच्या टोकापासूनच सुरुवात करून तीच नळी रुंदावत डोक्यात न्यायची. म्हणजे एक शिवण वाचते, आणि ओढाताणीत उसवणारी पहिली गोष्ट शिवलेली सोंडच असते.

मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या धाग्याच्या कड्यात, ६ मुके घालून रिंग आवळली. पुढच्या फेरीत फक्त मागच्या फासात ६ मुके घातले, त्याने सोंडेच्या टोकाला सपाट गोल कडा आली. मग साध्या सहाच्या फेऱ्या.

इथे पहिली चूक हाती लागली. गोल विणताना वाटीची उलटी बाजू बाहेर येण्याकडे कल असतो. मोठ्या गोळ्यात पाचव्या फेरीला वाटी उलटवून घेतली तरी चालते. सहा टाक्यांची नळी मात्र आतून जेमतेम ४ मिमी मोकळी असते आणि चार फेऱ्या झाल्या की ती उलटतच नाही. हा नमुना त्यामुळे उसवून पुन्हा सुरू करावा लागला. दुसऱ्या फेरीनंतर लगेच, हुकाच्या मागच्या टोकाने मधोमध दाबून वाटी सुलटी करायची. सुलट बाजूला एक्स दिसतात, उलट बाजूला आडव्या रेघा.

सोंडेत फायबर भरायचं नाही. त्या जागेत ते नीट जातही नाही आणि गोळा होऊन मध्येच फुगवटा देतं. सुरुवातीचं धाग्याचं टोक आतच सोडलं की नळी पुरेशी भरते.

९ मे

सोंड सरळ आली ती नळीच्या तोटीसारखी दिसते. वळण हवं तर नळीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच करायची: सहापैकी तीन मुके आणि तीन अर्धे खांब. अर्धा खांब उंच असल्यामुळे सोंड मुक्यांच्या बाजूला वळते. अशा तीन फेऱ्या पुरल्या.

पण वळणाला पीळ पडला. कारण ठाऊक असलेलंच आहे: मुका सरळ उभा राहत नाही, त्याचा माथा उजव्या हाताने विणणाऱ्याच्या उजवीकडे किंचित झुकतो आणि गोल विणकामात प्रत्येक फेरी त्या बाजूला सरकत जाते. एक्स टाक्यात हे कमी होतं, थांबत नाही. साधारण तीन-चार फेऱ्यांत एक टाका सरकतो. २४ टाक्यांच्या घेरात एक टाका म्हणजे १५ अंश, ते नजरेत भरत नाही. सहाच्या घेरात तोच एक टाका ६० अंशांचा. उपाय म्हणून तिसऱ्या वळणफेरीत सगळा क्रम एक टाका पुढे ढकलला: १ अर्धा खांब, ३ मुके, २ अर्धे खांब. सोंड सरळ खाली वळली. डावखुऱ्या विणणाऱ्याकडे झुकाव डावीकडे असतो, पण तो विणतोही उलट दिशेने, म्हणून टाका पुढेच ढकलायचा.

सोंडेनंतर दर फेरीला ६ वाढ: १२, १८, २४. सहाच का, हे एकदा लिहून ठेवलेलं बरं, कारण पुढे कानाचा हिशेब त्यावरच आहे. मुक्याची उंची आणि रुंदी जवळपास सारखी असते. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढली की परिघ २π, म्हणजे साधारण ६.२८ टाक्यांनी वाढायला हवा. म्हणून दर फेरीला सहा वाढवले की चकती सपाट राहते. कमी घातले तर वाटी होते, जास्त घातले तर झालर.

१२ मे

धड. खालून सुरुवात: ६, १२, १८ आणि मग १८ च्या सरळ फेऱ्या. पाय आणि हात वेगळे करून शिवायचे तर चार तुकडे, चार शिवणी आणि आठ टोकं लपवायची. त्याऐवजी धडातच बॉबल, म्हणजे टाक्यांचे फुगीर गोळे, घातले. एकाच टाक्यात ५ खांब सुरू करायचे, प्रत्येकाचा शेवटचा फास हुकावरच ठेवायचा, हुकावर ६ फास झाले की सगळ्यांतून एकदम धागा ओढायचा. पायांना ५ खांबांचा, हातांना ४ खांबांचा.

सुलट बाजू समोर ठेवून बॉबल घातला की तो आत फुगतो. यात काही चुकलेलं नसतं, पुढचा मुका घातल्यावर बोटाने आतून बाहेर ढकलायचा. तो पुढचा मुका मात्र नेहमीपेक्षा आवळून घालायला हवा, सैल राहिला तर बॉबल पुन्हा आत जातो.

पाय चौथ्या फेरीत: ६ मुके, बॉबल, ३ मुके, बॉबल, ७ मुके (१८). पाय ७ व्या आणि ११ व्या टाक्यावर आले, मध्य नववा. हात सातव्या फेरीत तोच मध्य धरून ५ मुके, बॉबल, ५ मुके, बॉबल, ६ मुके असे घातले. विणून झाल्यावर समोरून पाहिलं तर दोन्ही हात उजवीकडे गेलेले, हत्ती कंबरेत वळून बसल्यासारखा. तीन फेऱ्यांचा तोच झुकाव. सुधारलेली सातवी फेरी: ६ मुके, बॉबल, ५ मुके, बॉबल, ५ मुके (१८). कागदावर मध्य दहावा येतो आणि डोळ्यांना तो पायांच्या बरोबर वर दिसतो. अमिगुरुमीत आकडे सममित असले की काम तिरकं निघतं, एवढं एक कायम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१५ मे

कान. पहिला प्रयत्न अर्धवर्तुळाचा: रिंगमध्ये ६ मुके, रिंग न जोडता उलटवून १२, पुन्हा उलटवून १८. कोबीच्या पानासारखी झालर झाली, कारण अर्ध्या वर्तुळाला ओळीमागे तीनच वाढ लागतात (π, म्हणजे ३.१४) आणि इथे सहा पडल्या. ३, ६, ९ करून पाहिलं. कान सपाट आला पण लहान आणि निर्जीव. ४, ८, १२ ला कडेला हलकी लहर आली आणि तीच ठेवली. प्रत्येक ओळीनंतर १ साखळी घालून काम उलटवायचं. ही साखळी टाका म्हणून मोजायची नाही.

कानाची सरळ बाजू साधारण अडीच सेमी, म्हणजे डोक्यावरचे सहा टाके. हे छान जुळलं: २४ च्या घेरात वर ६ टाके मोकळे, ६ टाक्यांवर एक कान, खाली ६ मोकळे, ६ वर दुसरा कान.

१७ मे

नमुना १ ची जोडणी नेहमीच्या पद्धतीने. धड १२ टाक्यांवर उघडं ठेवून त्याच्या धाग्याने डोक्याला शिवलं. डोक्याच्या माथ्यावर त्याच धाग्याचा साखळीचा फास विणला आणि फासात जंप रिंग (एका वेढ्याची, सांध असलेली छोटी कडी) घालून किल्ल्यांची कडी अडकवली.

ओढ-चाचणी: कडी वर खुंटीला, धडाभोवती हातांच्या खाली कापडी पट्टी आवळून तिला दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली, म्हणजे सुमारे दोन किलो. जुडगा तेवढा जड नसतो, पण अडकलेला जुडगा झटका देऊन ओढला की त्या क्षणाचा ताण वजनापेक्षा बराच जास्त असतो.

दहा मिनिटांत मानेच्या शिवणीत फट पडली आणि पांढरं फायबर दिसायला लागलं. माथ्यावर साखळीचा फास ज्या दोन टाक्यांत रुतला होता ते लांबट होऊन शेजारच्या टाक्यांचा धागा खेचून घेऊ लागले. वजन काढल्यावरही ते परत बसले नाहीत. दुसऱ्या चाचणीत हाताने चार-पाच झटके दिले तेव्हा जंप रिंगची सांध उघडली आणि फास तिच्यातून निसटला. हरवण्याचा खरा धोका हाच आहे: हत्ती शाबूत, पण जुडग्याला नाही.

शिवण दुहेरी करून पाहिली. फट कमी झाली आणि ताण शिवणीतून उठून धडाच्या बारा टाक्यांच्या फेरीवर गेला, म्हणजे कच्ची जागा फक्त बदलली.

१९ मे

नवी रचना. विणलेल्या कापडावर ताण येऊच द्यायचा नाही. धडाच्या आत, मानेखाली, १५ मिमीचं प्लास्टिकचं बटण आडवं ठेवायचं. १ मिमी जाडीचा विणीव नायलॉनचा दोर बटणाच्या एका भोकातून खाली, दुसऱ्यातून वर, आणि दोन्ही टोकं मानेतून, डोक्यातून आरपार माथ्यावर. डोकं मण्यासारखं दोरात ओवलेलं. धड ओढलं तर बटणाची चकती खांद्याच्या टाक्यांना आतून सगळीकडे सारखं दाबते, आणि मानेची शिवण फक्त डोकं फिरू नये एवढ्यासाठी उरते.

यासाठी धडाचं तोंड १२ वर न सोडता ६ वर बंद करायला हवं, नाहीतर बटण ओढीने मानेतून डोक्यात जाईल.

दोर निवडताना मासेमारीची एकपदरी नायलॉन तार बाद केली. ती मजबूत असते, पण बारीक आणि कडक असल्याने कॉटनला करवतीसारखी कापते. सुती दोर कडीपाशी घासून विसविशीत होतो. विणीव नायलॉन गुळगुळीत असून कापत नाही, आणि टोक ज्योतीजवळ धरलं की वितळून बंद होतं. बटणाच्या भोकांच्या कडा नखाने तपासल्या. एका बटणाला साच्याची धारदार कड होती, ते वापरलं नाही.

जंप रिंगऐवजी १२ मिमीची स्प्लिट रिंग. दुहेरी वेढ्याची असल्यामुळे तिला उघडायला सांधच नाही.

२२ मे

नमुना २. पूर्ण कृती, जशी विणली तशी.

डोकं, सोंडेच्या टोकापासून:
फेरी १: मॅजिक रिंगमध्ये ६ मुके (६)
फेरी २: फक्त मागच्या फासात ६ मुके (६), आता वाटी सुलटी करा
फेरी ३ आणि ४: ३ मुके, ३ अर्धे खांब (६)
फेरी ५: १ अर्धा खांब, ३ मुके, २ अर्धे खांब (६)
फेरी ६: ६ वाढ (१२)
फेरी ७: (१ मुका, १ वाढ) ६ वेळा (१८)
फेरी ८: (२ मुके, १ वाढ) ६ वेळा (२४)
फेरी ९ ते १२: २४ मुके (२४)
फेरी १३: (२ मुके, १ घट) ६ वेळा (१८), इथे भरायला सुरुवात
फेरी १४: (१ मुका, १ घट) ६ वेळा (१२), भराव पूर्ण
फेरी १५: ६ घट (६), धागा कापून उरलेल्या सहा टाक्यांच्या पुढच्या फासांतून सुईने ओवून आवळा

धड, बुडापासून:
फेरी १: मॅजिक रिंगमध्ये ६ मुके (६)
फेरी २: ६ वाढ (१२)
फेरी ३: (१ मुका, १ वाढ) ६ वेळा (१८)
फेरी ४: ६ मुके, ५ खांबांचा बॉबल, ३ मुके, बॉबल, ७ मुके (१८)
फेरी ५ आणि ६: १८ मुके (१८)
फेरी ७: ६ मुके, ४ खांबांचा बॉबल, ५ मुके, बॉबल, ५ मुके (१८)
फेरी ८: (१ मुका, १ घट) ६ वेळा (१२), भराव, मग बटण
फेरी ९: ६ घट (६), धाग्याचं ३० सेमी टोक ठेवून कापा

घट सगळीकडे फक्त पुढच्या फासांतून: हुक पहिल्या टाक्याच्या पुढच्या फासात, लगेच दुसऱ्याच्या पुढच्या फासात, धागा दोन्हींतून एकदम, मग नेहमीसारखा मुका पूर्ण. दोन्ही फास धरून केलेल्या घटीला शेजारी छोटं भोक पडतं आणि भराव तिथूनच डोकावतो.

बटण कधी घालायचं यावर वेळ गेला. सातव्या फेरीनंतर घातलं तर आठवी विणताना प्रत्येक घटीला हुक बटणावर आपटतो. आठव्यानंतर तोंड बटणापेक्षा लहान दिसतं, पण काजातून घालावं तसं आडवं सरकवलं की कापड ताणून आत घेतं. आत सपाट करायचं, दोराची दोन्ही टोकं वर ओढून बटण बाहेर येत नाही ना ते पाहायचं आणि नववी फेरी दोर मधोमध ठेवून त्याच्याभोवती विणायची. नवव्या फेरीनंतर कितीही ओढलं तरी बटण जागचं हलत नाही.

भराव एकदम मोठा बोळा करून कोंबायचा नाही. फायबर बोटांनी पिंजून, चिमूट चिमूट, आधी कडेला आणि मग मध्ये. दाबल्यावर गोळा बसतो पण लगेच परत फुगतो, इतका. त्याहून जास्त भरला की टाके फाकतात आणि २.५ मिमीचा हुक घेतल्याचा उपयोग राहत नाही.

२३ मे

जोडणी आणि चेहरा.

माथा मोजून शोधायचा नाही, सोंडेकडे पाहून शोधायचा. सोंड खाली वळलेली धरली की बरोबर वर येतो तो टाका माथा. तिथे रंगीत दोऱ्याची खूण.

दोर माथ्यावर कुठून बाहेर काढायचा हे आधी टाचणीने तपासलं. डोकं-धड तात्पुरतं टाचून, माथ्यावर टाचणी घुसवून त्यावर हत्ती अलगद उचलला. नवव्या फेरीला उचलला तर तो मागे कलतो आणि आकाशाकडे पाहतो. बाराव्याला धरला की सोंडेवर पडतो. दहाव्या आणि अकराव्या फेरीच्या मध्ये सरळ राहिला. तिथेच दोर.

दोराची दोन टोकं बारीक तार दुमडून तिच्यात अडकवली आणि खालून वर ओढून घेतली, शेजारशेजारच्या दोन टाक्यांमधल्या फटींतून. तार टाक्यांच्या मधून जायला हवी. धाग्याच्या पेडांतून गेली तर तो टाका दोराबरोबर कायमचा ओढलेला राहतो. वर स्प्लिट रिंग घालून गाठ. नायलॉन निसरडा असल्यामुळे साधी गाठ सुटते, म्हणून पहिला वेढा दोनदा पिळून आणि दुसराही दोनदा पिळून उलट दिशेने आवळला. टोकं ३ मिमी ठेवून वितळवली, ज्योत हत्तीपासून दूर आणि दोर पुढे ओढून धरून, कारण कॉटन पेट घेतं.

आता या रचनेचा एक चांगला फायदा कळला. दोर बटणाच्या भोकांतून फिरता आहे, म्हणजे सगळा एक बंद फास झाला. एक पदर ओढत गेलं की गाठ फिरत फिरत डोक्यात शिरते आणि दिसेनाशी होते. पुढे दोर झिजला तर तीच गाठ बाहेर ओढून, जुन्याला नवा दोर जोडून आतून फिरवून घेता येईल, हत्ती न उसवता.

मान: धडाच्या आठव्या फेरीचे १२ टाके डोक्याच्या खालच्या बाजूला, ९ ते १२ फेऱ्यांच्या पट्ट्यात शिवले. दोराला ताण देऊन दोन्ही भाग एकमेकांवर बसवून मगच शिवायचं. आधी शिवून मग दोर आवळला तर शिवणीला चुण्या पडतात.

कान अकराव्या फेरीच्या रेषेवर, माथ्यापासून प्रत्येक बाजूला तीन टाके सोडून पुढच्या सहा टाक्यांवर. प्रत्येक टाक्यातून दोनदा. उरलेलं टोक डोक्यातून आरपार दुसऱ्या कानाच्या मुळाशी नेऊन तिथल्या टोकाशी बांधलं, म्हणजे एक कान ओढला तर दुसरा त्याला धरून ठेवतो.

डोळे सातव्या आणि आठव्या फेरीच्या मध्ये, आठ टाक्यांच्या अंतरावर. सेफ्टी आय म्हणजे प्लास्टिकच्या तयार डोळ्यांऐवजी काळ्या सुती दोऱ्याने भरले, एकाच जागी तीन-चार उभे टाके. किल्ल्यांबरोबर घासून प्लास्टिकच्या डोळ्यावर ओरखडे येतातच, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती जाणाऱ्या कोणत्याही वस्तूला सेफ्टी आय नकोतच. ज्यांना ते हवेतच त्यांनी ५ मिमीचे घ्यावेत आणि तेराव्या फेरीच्या आधी बसवावेत, नंतर मागची चकती दाबायला आत बोट जात नाही.

सोंडेचं टोक दोन हातांच्या मध्ये छातीला एका टाक्याने टाचलं. मोकळी सोंड चेनच्या दातांत अडकते.

शेपूट: तीन साखळ्या आणि गाठ, मागे चौथ्या फेरीवर.

२६ मे

नमुना २ ची ओढ-चाचणी. तेच वजन, तीच पट्टी, या वेळी २४ तास. मानेत फट नाही. खांद्यावर बटणाची गोल कड हलकी उमटली होती, वजन काढून धड बोटांत चुरगाळल्यावर ती गेली. माथ्यावरच्या दोन फटी होत्या तेवढ्याच. स्प्लिट रिंग शाबूत. वरचा दोराचा फास २ मिमीने लांबला, तो बहुधा गाठ घट्ट बसल्याने. म्हणून गाठ आत नेण्याआधी एकदा जोरात ओढून बसवून घ्यायची.

३ जून

आठवडाभर जुडग्यासह कापडी पिशवीत. सोंडेच्या वळणावर आणि डाव्या कानाच्या कडेला थोडी चमक गेली, गुठळ्या नाहीत. कानाची कड मात्र सैल वाटते, शेवटच्या ओळीचे वरचे फास एकेकटे ओढले जातात. त्यावर उपाय म्हणजे कडेने सरकत्या (उंची न वाढवणाऱ्या, सपाट) टाक्यांची एक ओळ.

धुणं: कडी काढून कोमट पाणी आणि साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. बाहेरून संध्याकाळपर्यंत कोरडा झाला, आतून सुकायला दीड दिवस लागला. बटण प्लास्टिकचं असल्याचा इथे उपयोग झाला, धातूचं असतं तर गंजाचा डाग आतून बाहेर आला असता. गडद रंगाचा धागा असेल तर विणण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग सुटतो का ते पाहायला हवं, दोन रंगांच्या हत्तीत तर नक्कीच.

६ जून

नमुना ३, बदल दोनच. कानाला सरकत्या टाक्यांची कड घातली. तिने कान थोडा आखडला आणि लहर जास्त छान आली. दुसरा, मानेभोवती शिवणीनंतर त्याच धाग्याचे दोन वेढे घेऊन टोक आत सोडलं, त्याने बटणाची कड दिसत नाही. टोकं लपवताना प्रत्येक टोक भरावातून तीन वेगवेगळ्या दिशांना नेलं, बाहेर आलेला भाग हत्ती दाबून धरून कापडालगत कापला, सोडल्यावर तो आपोआप आत गेला.

मोजमाप: उंची ५.६ सेमी, धागा साधारण १३ मीटर, म्हणजे पाच ग्रॅमच्या थोडा वर. ५० ग्रॅमच्या गुंडीत आठ हत्ती धरायला हरकत नाही, नववा टोकांच्या वाया जाण्यात जातो. दोर ३५ सेमी, त्यातला निम्म्याहून जास्त फक्त गाठ मारायला हाताला मिळावा म्हणून.

याच मापांवर पुढे ससा करायचा आहे. धड आणि बटण तेच, सोंड नाही म्हणून डोकं फेरी १ ला ६ आणि तिथून थेट ६ व्या फेरीवर. त्याचे लांब कान माथ्याच्या जवळ येतात आणि दोराच्या फटींत अडतात, तेवढी जागा टाचणीने पुन्हा शोधावी लागेल.